हंगामातला एक दिवसाचा बगॅस ऊसतोड्यांच्या चुलीला द्या

प्रति,
मा. अध्यक्ष आणि संचालक मंडळ,
कोल्हापूर जिल्ह्यातील सर्व साखर कारखाने.

विषय : ऊसतोड मजुरांच्या स्वयंपाकासाठी बगॅसचे पेलेट तयार करून देण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. मी करवीर तालुक्यातली ऊस उत्पादक सभासद. आमचा बचत गट लग्नाकार्याच्या, बारशाच्या, वास्तुशांतीच्या जेवणाच्या ऑर्डरी घेतो, त्यामुळं जळण आणि सिलिंडर यांचा हिशेब माझ्या वहीत रोजचाच. त्या वहीतूनच निघालेली एक मागणी तुमच्यापुढं ठेवते. अख्ख्या हंगामातला एका दिवसाचा बगॅस, म्हणजे रस काढल्यावर उरणारा उसाचा चोथा, बाजूला काढा. तो वाळवून, दाबून त्याचे पेलेट करा आणि तुमचाच ऊस तोडणाऱ्या कुटुंबांना हंगामभर चुलीला फुकट द्या. सोबत ते जाळायला धड शेगडी द्या.

एकच दिवस कसा पुरतो ते पुढं मांडते. त्याआधी हे पेलेट प्रकरण नीट बघू, कारण त्याबद्दल सध्या भाषणं बरीच होतात आणि त्यातली निम्मी टाळ्यांसाठी असतात.

पेलेट म्हणजे 6 ते 10 मिलिमीटर जाडीच्या बारीक कांड्या. ब्रिकेट म्हणजे त्याचाच थोरला भाऊ, मनगटाहून जाड. बॉयलरवाले त्याला पांढरा कोळसा म्हणतात. दोन्हींत बगॅस, भुसा, शेंगांची टरफलं असा शेतातला आणि गिरणीतला काडीकचरा प्रचंड दाबाखाली घालतात. दाबानं आणि घर्षणाच्या उष्णतेनं त्यातलं लिग्निन मऊ पडतं आणि तेच डिंकाचं काम करतं, वेगळी खळ लागत नाही. सुट्टा बगॅस घनमीटरला शंभर-सव्वाशे किलो भरतो, तर पेलेट सहाशेच्या पुढं. म्हणजे जो माल ट्रॉलीतून उडून जायचा, तो पोत्यात भरून काट्यावर तोलता येतो.

पण पेलेट नेहमीच्या चुलीत टाकलेत, तर ते नुसते धुमसत बसतात. काटक्यांमधून जशी हवा खेळते तशी त्यांच्या ढिगातून खेळत नाही. त्यासाठी छोटा पंखा बसवलेली शेगडी लागते. खालून थोडी हवा गेली की पेलेटमधून जळाऊ वायू निघतो, वरच्या भोकांमधून दुसरी हवा मिळाली की तो वायू पेट घेतो. धूर म्हणजे न जळलेलं इंधनच, आणि ते इथं तव्याखालीच जळून जातं. भारतीय मानक ब्युरोचं आयएस 13152 हे मानक अशा पंख्याच्या शेगडीकडून किमान 35 टक्के कार्यक्षमता मागतं आणि भांड्याला मिळालेल्या दर मेगाज्यूल उष्णतेमागं 150 मिलिग्रॅमपेक्षा जास्त धूलिकण चालवून घेत नाही. बिनपंख्याच्या सुधारित चुलीला ही मर्यादा 25 टक्के आणि 350 मिलिग्रॅम अशी सैल आहे. दोन्हींतलं अंतर चुलीपुढं बसणाऱ्या बाईच्या छातीत जातं, म्हणून 'सुधारित चूल' एवढं लिहिलेली कोटेशन स्वीकारू नका. पंखा आहे का आणि चाचणीचा कागद आहे का, ते विचारा.

आता पैशाचं बघू. घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस. किलोला साधारण 10,900 किलोकॅलरी, म्हणजे सगळी मिळून दीड लाखाच्या वर. गॅसची शेगडी त्यातली 65 टक्के भांड्याला पोचवते असं धरलं, तर हाती एक लाख येतात. बगॅसच्या पेलेटमध्ये किलोला 4,000 किलोकॅलरी धरा आणि शेगडी 35 टक्क्यांची, म्हणजे भांड्याला 1,400. भागाकार केला की एका सिलिंडरच्या जागी 72 किलो पेलेट लागतात. सिलिंडर 860 रुपयांना धरला, तर पेलेट 12 रुपये किलोच्या आत घरपोच मिळाले तरच बाईला परवडणार. उज्ज्वलाचं 300 रुपये अनुदान वजा केलं, तर हा आकडा पावणेआठ रुपयांवर येतो. त्यात कच्चा माल, वाळवणी, वीज, पोतं, भाडं, दुकानदाराचं कमिशन सगळं बसवून दाखवा. राधानगरी-शाहूवाडीच्या डोंगरात ज्या बाया डोक्यावरून जळणाची मोळी आणतात, त्यांच्यापुढं तर तुलना शून्य रुपयांशी आहे. त्यांचे कष्ट कुणी पैशात मोजत नाही, त्याही मोजत नाहीत.

म्हणून 'घराघरात पेलेट' या घोषणेवर माझा विश्वास नाही. हा प्रयोग आपल्या देशात मोठ्या भांडवलानं होऊन गेलेला आहे. बीपी या तेलकंपनीनं बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मदतीनं 'ऊर्जा' नावाची पंख्याची शेगडी काढली आणि 2006 च्या सुमारास ती महाराष्ट्र, कर्नाटकासह काही राज्यांत खेडोपाडी विकायला सुरुवात केली. इंधन म्हणून शेतातल्या काडीकचऱ्याचे पेलेट. चार लाखांच्या वर शेगड्या खपल्या. शेगडी चांगली होती, बायांना आवडलीही होती. पुढं दुसऱ्या उद्योगांनी तोच कच्चा माल बॉयलरसाठी उचलायला सुरुवात केली, पेलेट महाग होत गेले आणि शेगड्या माळ्यावर गेल्या. दरम्यान 2009 मध्ये तो धंदा पुण्याच्या फर्स्ट एनर्जीकडं गेला होता, आणि त्यांनी घरं सोडून हॉटेलांच्या स्वयंपाकघरांकडं मोर्चा वळवला. तिकडं आफ्रिकेत रवांडामध्ये एका कंपनीनं शेगडी फुकट देऊन फक्त पेलेटचे पैसे घ्यायचं ठरवलं. धूर मोजणाऱ्यांनी तिथल्या घरांत जाऊन मोजमाप केलं, तर त्या शेगड्या गॅसच्या बऱ्याच जवळ पोचलेल्या निघाल्या. ती कंपनीही 2020 मध्ये बंद पडली.

दोन्हीकडं तंत्र पास झालं आणि धंदा नापास. बाजारात पेलेट ज्याला जास्त दर देता येतो त्याच्याकडं जातो. त्यात आता भर अशी की 2021 मध्ये केंद्रानं कोळशावरच्या वीज केंद्रांना 5 टक्के जैवइंधन मिसळायचं धोरण ठरवून दिलं. भाकरी थापणाऱ्या बाईनं औष्णिक वीज केंद्राशी बोली लावायची, असा हा बाजार.

या कोंडीतून सुटलेला आपल्या जिल्ह्यात एकच घटक मला दिसतो आणि तो तुम्ही आहात. कच्चा माल तुमच्या यार्डात पडलेला असतो, त्यासाठी कुणापुढं हात पसरायचा नाही. वीज तुमच्या को-जनची, म्हणजे बगॅसवरच चालणाऱ्या वीज प्रकल्पाची. यंत्रं चालवणारी माणसं तुमच्या पगारावर. आणि ज्यांना या इंधनाची खरी गरज आहे ती माणसंही तुम्हीच मुकादमाला उचल देऊन बीड, जालना, परभणीकडून इथं आणता.

बॉयलर अग्निप्रदीपनाचे फोटो दरवर्षी पेपरात येतात. सपत्नीक पूजा, नारळ, फेटे. त्यानंतर चार महिने तो जाळ विझत नाही. त्याच बॉयलरच्या चिमणीखाली गाडीतळावर तीन दगडांच्या शेकडो चुली पेटतात, आणि त्यात काय जळतं ते एकदा पहाटे जाऊन बघा. ओल्या काटक्या, बांधावरची बाभळ, पाचट (उसाची वाळलेली पानं), दव पडून भिजलेली शेणी, पेटत नाही म्हणून वर घातलेली प्लॅस्टिकची पिशवी. कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यातली बायको तीन-साडेतीनला उठते, दोन वेळच्या भाकऱ्या आणि कोरड्यास करून फडात जाते. कोपी पाचटाची नाहीतर ताडपत्रीची, उंची माणूस वाकून आत जाईल एवढी. थंडी पडली की चूल आत येते आणि पोरंही त्याच धुरात झोपलेली असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या चुलीच्या धुरानं 2020 या एका वर्षात जगभर 32 लाख माणसं मेली. या आकड्यात कोपीतल्या बाया कुठंतरी आहेत, पण आपल्या कुठल्या दवाखान्यात त्यांची वेगळी नोंद होत असेल असं मला वाटत नाही. हंगाम संपला की त्या गावी जातात आणि खोकलाही सोबत नेतात.

त्यांतल्या कित्येकींच्या नावावर उज्ज्वलाचा गॅस आहे. तो गावाकडं, म्हाताऱ्या सासूजवळ. इथं सिलिंडर आणायचा तर भरून कुठं घ्यायचा, कोपीत ठेवायचा कसा, हे प्रश्न आहेतच.

आता एका दिवसाचा हिशेब. रोज 5,000 टन गाळप करणारा कारखाना धरू. उसाच्या वजनाच्या साधारण 28 टक्के बगॅस निघतो, म्हणजे दिवसाला 1,400 टन. मिलमधून निघताना त्यात निम्मं पाणी असतं. एवढं गाळप होण्यासाठी, जोडीमागं दिवसाला दोन टन तोडणी धरली, तर अडीच हजार कोयते लागतात. हार्वेस्टर आणि गावातल्या टोळ्या आल्यामुळं प्रत्यक्षात कमीच लागतील, पण जास्तीचं धरू. एका कुटुंबाला स्वयंपाक आणि थोडं अंघोळीचं पाणी यासाठी दिवसाला दोन किलो पेलेट. हंगाम अलीकडं चार महिन्यांतच आटोपतो, तरी पाच महिने, म्हणजे 150 दिवस घ्या. कुटुंबामागं 300 किलो झाले. अडीच हजार कुटुंबांचे 750 टन. दहा टक्के ओलावा असलेले 750 टन पेलेट करायला 50 टक्के ओलावा असलेला बगॅस लागतो 1,350 टन. तुमच्या यार्डात एका दिवसात पडतो त्यापेक्षा थोडा कमीच. चुकत असेन तर तुमच्या चीफ केमिस्टला दाखवा. सगळीकडं जास्तीचं धरून मांडलंय, तेव्हा आकडा खालीच येईल.

यंत्रही फार मोठं लागत नाही. 750 टन पाच महिन्यांत, म्हणजे रोज 5 टन. तासाला 500 किलो काढणारं पेलेट मशीन दहा तास चाललं की झालं. विजेचा खर्च टनाला शंभर युनिटच्या आसपास धरा. खरी मेहनत आहे वाळवणीत, कारण या 1,350 टनांतून 600 टन पाणी उडवायचं आहे. त्यासाठी वेगळं जळण जाळलं तर सगळाच हिशेब बुडाला. पण बॉयलरच्या चिमणीतून गरम वायू वाया जातच असतात, आणि नोव्हेंबर ते मार्च आपल्याकडं ऊनही काही थोडं नसतं. मोकळ्या ओट्यावर पसरून, उलटून आधी उन्हात आणि मग चिमणीच्या उष्णतेवर, अशी दोन टप्प्यांत वाळवणी होऊ शकते. ओलावा दहा-बारा टक्क्यांवर आल्याशिवाय मशीनमध्ये घालायचं नाही. नाहीतर कांडी धरत नाही आणि धरलीच तर पोत्यात भुगा होते.

हे फुकटात होणार नाही, हे मला कळतं. एका दिवसाचा बगॅस को-जनला मिळाला नाही, तर वीजविक्रीत किती रुपये कमी येतील ते तुमच्या अकाउंट खात्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. शेगडीचा खर्च वेगळा. पण ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळासाठी टनामागं 10 रुपये भरायची तरतूद आहेच. त्याच महामंडळाशी बोलून शेगड्यांचा खर्च त्यातून उचलता येतो का, हे विचारायला काय हरकत आहे? आणि मजुरांच्या उचलीतून हे पैसे वळते करायचा विचार कुणाच्या डोक्यात येत असेल, तर तो आताच काढून टाका. तोडणी-वाहतूक खर्च जिथं लिहिता, तिथंच ही एक ओळ जाऊ द्या.

तुमच्यातला कुणीतरी म्हणेल, 'मग सरळ गॅसच देऊ की.' जरूर द्या. पाच किलोचे छोटे सिलिंडर बाजारात आहेत. ते भरून देण्याची, सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था कारखाना करणार असेल, तर मी हे पत्र मागं घेते. गॅस पेलेटपेक्षा स्वच्छ आहे, यात वादच नाही. आमच्या ऑर्डरीचा स्वयंपाकही गॅसवरच होतो. पण गॅस विकत घ्यावा लागतो, दर हंगामात दर वेगळा. पहिल्या वर्षी उत्साहानं दिलेला सिलिंडर तिसऱ्या वर्षी 'आर्थिक अडचणीमुळं' बंद होईल, ही माझी भीती. बगॅस मात्र ऊस आहे तोवर पडणारच.

वाटपाचं कसं? बैलगाडीवाले तुमच्या तळावरच असतात, त्यांना काट्याजवळून पोतं देता येईल. ट्रॅक्टरच्या टोळ्या गावोगाव उतरलेल्या असतात. ऊस ओतून ट्रॅक्टर रिकामाच परत जातो ना? त्यात आठवड्याला पोती टाका, गट कार्यालयात उतरवा, चिट बॉय, म्हणजे कारखान्याचा फडावरचा चिठ्ठीवाला, कोयत्यांची यादी ठेवतोच, त्यानं वाटावं. मुकादमाच्या हाती देऊ नका. दिलंत तर पोती ढाब्यावर जातील, एवढं तुम्हालाही माहीत आहे. पोतं त्या कुटुंबातल्या बाईच्या सहीनं किंवा अंगठ्यानं द्या.

पंख्याला वीज लागते, अगदी थोडी. पंखा एखाद-दोन वॅटचा, त्याची बॅटरी मोबाइलसारखी चार्ज करायची. तळावर चार्जिंगचा एक फळा लावला आणि दूरच्या टोळीला छोटं सोलर पॅनेल दिलं की भागतं. पंखा बंद पडला की त्याच शेगडीतून धूर यायला लागतो आणि बाई दुसऱ्या दिवशी तीन दगड मांडते. म्हणून वर्कशॉपमधला एक माणूस शेगडी दुरुस्तीसाठी नेमा, सुटे पंखे ठेवा. शेगडी आणखी एका कारणासाठी नीट निवडायला हवी. तिच्यात वरून डबा भरतात, जाळ भांड्याखाली एकवटतो आणि बाजूला भाकरी उभी करून शेकायला निखारे मिळत नाहीत. बाजरीची, ज्वारीची भाकरी तव्यावरच फुगवायची म्हटलं तर जाळ कमी-जास्त करता आला पाहिजे. खरेदी समितीत बसणाऱ्या साहेबांनी भाकरी थापलेली नसते. तेव्हा ऑर्डर द्यायच्या आधी तळावरच्या दहा-बारा बायांना दोन-तीन प्रकारच्या शेगड्या पंधरा दिवस वापरायला द्या, आणि त्या म्हणतील ती घ्या. मोठ्या टोळीला मोठं पातेलं बसेल का, वाऱ्यात ती कलंडते का, पोराचा हात लागून भाजतं का, हे सगळं त्या पंधरा दिवसांत कळेल. कोपीला आग लागायची भीती तीन दगडांच्या चुलीलाही आहेच, पण आपण वस्तू दिली की जबाबदारी आपली होते.

कच्च्या मालाबद्दल एक गोष्ट ठासून सांगते, कारण पेलेटचा विषय निघाला की लगेच कुणीतरी पाचटाकडं बोट दाखवतं. पाचट शेतातून उचलू नका. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं, त्यात अर्धा टक्का नत्र, थोडं स्फुरद, पाऊण-एक टक्का पालाश असतं, आणि सेंद्रिय कर्ब तर भरपूर. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रानं वर्षानुवर्षं सांगितलंय की खोडव्यात पाचट जाळू नका, सरीत दाबून कुजवा. आता कुठं शेतकरी काडी लावायचा थांबायला लागलाय, ओल टिकते हे त्याला दिसायला लागलंय. अशा वेळी पाचटाला दर फुटला तर जमिनीचं खाणं पुन्हा चुलीत जाईल. शिवाय पाचटाला माती चिकटलेली असते, राख बगॅसपेक्षा जास्त पडते आणि ती वितळून शेगडीत तिचे खडे धरतात. फलटणला डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेनं पाचटापासून कांडी कोळसा करायची भट्टी बसवली आणि 2002 मध्ये त्यासाठी ॲश्डेन पुरस्कारही मिळवला. काम अस्सल होतं, आणि जे पाचट जाळूनच टाकलं जाणार होतं त्याच्यासाठी ते योग्यच होतं. पण कोळसा करताना पाचटातलं बरंचसं इंधन भट्टीतच खर्ची पडतं, आणि कोळशाला धूर नसला तरी त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, जो दिसत नाही आणि वासही देत नाही. बंद कोपीत कोळशाची शेगडी कधीच देऊ नका.

बाकीच्या मालाचं थोडक्यात. आजरा-चंदगडकडं काजूची टरफलं मिळतात, पण त्यातल्या तेलाचा धूर डोळे आणि घसा जाळतो. ते बॉयलरला ठीक, स्वयंपाकाला नको. भाताच्या तुसात राख फार. तेव्हा आपल्याकडं स्वयंपाकासाठी बगॅसच बरा. आणि ज्यांच्या गोठ्यात जनावरं आहेत त्यांनी पेलेटच्या नादी न लागता गोबरगॅसच धरावा. जिल्ह्यात तो नवा नाही.

घरगुती चुलीवर माझा विश्वास नाही म्हटलं, त्याला एक अपवाद आहे : बंब. आपल्याकडं घरात गॅस आला, मिक्सर आला, फ्रिज आला, तरी अंघोळीचं पाणी अजून परसातल्या तांब्याच्या बंबात तापतं. त्यात चिपाड जातं, नारळाची सोडणं जातात, आणि खोटं कशाला बोला, फाटकी चप्पलसुद्धा जाते. 'आमचं घर धूरमुक्त' असा फलक लागलेल्या गावातही पहाटे सहाला फेरी मारा आणि नाकानं मोजा. या बंबाला पंख्याची शेगडी लागत नाही, बगॅसच्या ब्रिकेटचे तुकडे चालतात, आणि प्लॅस्टिक जाळण्यापेक्षा ते केव्हाही चांगले. सवलतीची साखर घ्यायला सभासद रांगेत उभा राहतोच. त्याच खिडकीवर ब्रिकेटचं पोतंही विकत ठेवा. इथं अनुदान द्यायचं कारण नाही, आम्ही पैसे देऊ.

मजुरांची सोय झाल्यावर दुसरा नंबर मोठ्या स्वयंपाकघरांचा, आणि तिथं तुम्हाला पैसेही मिळतील. 19 किलोच्या व्यापारी सिलिंडरचं काम 96 किलो पेलेटमध्ये होतं. तो सिलिंडर 1,700 रुपयांना धरला, तर पेलेटचा दर साडेसतरा रुपयांपर्यंत गेला तरी तोटा नाही. घरगुतीच्या 12 रुपयांशी ताडून बघा. त्यात व्यापारी गॅसवर जीएसटी 18 टक्के, घरगुतीवर 5. वसतिगृहं, खानावळी, देवस्थानांची अन्नछत्रं, एमआयडीसीतली कँटीन, आमच्यासारखे ऑर्डरवाले. तांबड्या रश्श्याचा मोठा हंडा उकळायला दोन-तीन तास सलग जाळ लागतो, तिथं पेलेटचा बर्नर शोभतो. दोन-दोन मिनिटांनी चहाला पेटवा-विझवा करणाऱ्याला तो डोकेदुखी होईल, कारण एकदा पेटलेले पेलेट बटण फिरवून विझत नाहीत. शाळांच्या पोषण आहारातही लगेच घुसवायची घाई नको. तिथल्या स्वयंपाकी ताईंना आधीच इंधन-भाजीपाल्याचे पैसे वेळेवर मिळत नाहीत, त्यात नव्या यंत्राचा ताप कशाला?

पावसाळ्याचा प्रश्न तुमच्या हंगामाला येत नाही, पण या दुसऱ्या गिऱ्हाइकांना येईल. पेलेटला पाणी लागलं की तासाभरात त्याचा लगदा होतो. गगनबावड्याकडं तर नुसत्या दमट हवेनंही तो फुगतो. जूनच्या आत प्लॅस्टिकच्या आतल्या पिशवीसकट पोती शिवून, जमिनीपासून उंच फळ्यांवर साठवण केली पाहिजे. 2019 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग अनेक दिवस बंद होता आणि गॅसच्या गाड्या अडकल्या होत्या. तेव्हा निवारा केंद्रांच्या स्वयंपाकासाठी थोडा साठा उंचावरच्या गोदामात असावा, असं माझं मत आहे. त्यावर वेगळं बोलू.

आपण कोल्हापूरकर जळणाच्या बाबतीत हिशेबी आणि दिलदार दोन्ही आहोत. पंचगंगा स्मशानभूमीत अंत्यसंस्कार मोफत होतात आणि त्यासाठी होळीला शेणी वाचवून ट्रॉल्या भरून दान करणारी मंडळं आहेत. मेलेल्याच्या जळणाची एवढी निगुतीनं सोय करणाऱ्या जिल्ह्याला जिवंत कोयत्याच्या जळणाची सोय करणं अवघड नाही.

माझी मागणी सगळ्या कारखान्यांना एकदम नाही. ज्याच्याकडं बगॅस शिल्लक राहतो अशा एखाद्यानं येत्या हंगामात एका तळावर, दोनशे कोयत्यांपुरतं करून बघावं. त्याला लागतील 60 टन पेलेट, तेही भाड्याच्या मशीनवर होतील. शिवाजी विद्यापीठाला किंवा एखाद्या इंजिनीअरिंग कॉलेजला सांगून काही कोप्यांत धूलिकण मोजायचं यंत्र शेगडी द्यायच्या आधी आणि दिल्यानंतर ठेवा. किती पोती गेली, किती शेगड्या महिन्याभरानं चालू होत्या, किती पंखे जळले, याची नोंद ठेवा आणि ती वार्षिक अहवालात छापा. शेगड्या पडून राहिल्या, तर तेही छापा. म्हणजे पुढचा कारखाना तेच पैसे पुन्हा घालवणार नाही.

सप्टेंबरमध्ये तुमच्या वार्षिक सभा होतील. विषयपत्रिका निघायच्या आत हा विषय तिच्यात घ्यावा, ही विनंती. घेतला नाहीत, तर 'ऐनवेळचे विषय' पुकारल्यावर मी माइक मागणार आहे. 'मंजूर, मंजूर'चा गलका सुरू व्हायच्या आधी तो माझ्या हातात येईल एवढं बघा.

आपली,
एक ऊस उत्पादक सभासद
ता. करवीर, जि. कोल्हापूर